ट्रक चढाला तापतो म्हणून ८२ चा थर्मोस्टॅट काढून ७१ चा टाकू का?

प्रश्न असा आहे: सहा सिलिंडरचा टर्बो डिझेल ट्रक, माल भरून लांब चढाला लागला की टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागतो, दोनदा तर लाल पट्टीला टेकला, सपाट रस्त्यावर मात्र काही तक्रार नाही. कोणीतरी सल्ला दिला की कंपनीचा ८२ डिग्रीचा थर्मोस्टॅट (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व) काढ आणि ७१ चा बसव, गाडी गार राहील. बसवू का?

नका बसवू. म्हणजे या कारणासाठी तरी नका. बसवलात तर पहिले दोन दिवस वाटेल की काम झालं, कारण सपाट रस्त्यावर काटा आधीपेक्षा खाली दिसेल, आणि मग पुन्हा तोच चढ आला आणि माल पूर्ण असला की काटा परत तिथेच जाईल, फक्त तीनचार मिनिटं उशिरा. का ते सांगतो, जरा लांबड लागेल पण समजून घेतलंत तर पुढे कुणी काहीही सांगितलं तरी फसणार नाही.

थर्मोस्टॅटवर जो आकडा ठोकलेला असतो ना, ८२ किंवा ७१ किंवा काय असेल ते, तो वॉल्व उघडायला सुरुवात कधी होते त्याचा असतो. आत एक पितळी डबी असते, तिच्यात मेण भरलेलं, पाणी तापलं की मेण वितळतं, फुगतं, आणि मधल्या पिनला ढकलतं, त्याने स्प्रिंगच्या विरुद्ध वॉल्व उघडतो. एवढंच. आणि ८२ वाला ८२ ला खटकन पूर्ण उघडत नाही, हळूहळू उघडत उघडत ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. ७१ वाला तसाच ८४-८५ च्या आसपास पूर्ण उघडतो. (काही थर्मोस्टॅटवर आकडा फॅरनहाइटमध्ये असतो, १६० म्हणजे ७१, १८० म्हणजे ८२, १९५ म्हणजे साधारण ९०-९१. एक पोरगा माझ्याकडे घाबरून आला होता की कंपनीने १८० डिग्रीचा बसवलाय, इंजिन वितळेल म्हणून.)

आता विचार करा, तुमची गाडी चढावर १०५ ला पोचली. त्या वेळी ८२ वाला पूर्ण उघडा आहे आणि ७१ वाला असता तर तोही पूर्ण उघडाच असता. दोन्ही दारं सताड उघडी. मग फरक कसला राहिला? तिथून पुढे गाडी किती तापणार ते थर्मोस्टॅटच्या हातात नाहीच, ते रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि रेडिएटरमधून जाणारी हवा यांच्या हातात आहे. थर्मोस्टॅट इंजिनाला ठरावीक तापमानाच्या खाली जाऊ देत नाही, वर जाण्यापासून अडवणं हे त्याचं कामच नाही. लोक नेमकं इथेच चुकतात.

हिशोब करून बघू, ढोबळ आहे पण अंदाज येतो. हजार किलोच्या आसपास इंजिन आणि चाळीस लिटर कूलंट (इंजिन गार ठेवायला आत फिरणारं पाणी) धरलं तर सगळं मिळून एक डिग्री तापवायला साधारण ६०० किलोज्यूल लागतात. ७१ टाकल्यामुळे तुम्ही चढाच्या पायथ्याशी ११ डिग्री गार सुरुवात केली असं समजू, म्हणजे ६६०० किलोज्यूलची शिल्लक. चढावर इंजिन पाण्यात जेवढी उष्णता टाकतंय त्यातली ३० किलोवॅट रेडिएटरला निघत नाहीये असं धरा. ६६०० भागिले ३०, २२० सेकंद. चार मिनिटंसुद्धा नाहीत. चढ जर चार मिनिटांत संपत असेल तर तुमचं काम झालं म्हणा हवं तर, पण अर्ध्या तासाचा चढ असेल तर काय उपयोग.

आणि अजून एक उलटी गोष्ट आहे जी पटकन डोक्यात शिरत नाही. रेडिएटर हवेत किती उष्णता फेकणार हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असतं. बाहेर ४० डिग्री आहे, पाणी ८२ आहे, फरक ४२. पाणी ७१ असेल तर फरक ३१. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण पाणी गार ठेवायच्या नादात तुम्ही त्याची ताकद पाव भागाने कमी केलीत. पाणी १०० ला गेलं की फरक ६०, रेडिएटर जास्त जोरात काम करतो. म्हणून कंपन्या इंजिन गरम चालवतात, वेड्या नाहीत त्या.

१०० म्हटलं की लोक दचकतात, पाणी उकळलं असतं म्हणतात. साधं पाणी उघड्या भांड्यात १०० ला उकळतं. रेडिएटरची कॅप १५ पीएसआयची असेल तर तेच पाणी १२० च्या आसपास उकळतं, आणि अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल (पाण्यात मिसळायचं अँटीफ्रीझ) असेल तर साधारण १२९ पर्यंत जातं. त्यामुळे कॅप धड असेल तर चढावर ९८-१०० म्हणजे आजार नाही. कॅप लूज असेल तर मात्र सगळा खेळ बिघडतो, त्यावर पुढे येतो.

मग ७१ चा थर्मोस्टॅट मिळतो तरी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पूर्वी अँटीफ्रीझ म्हणून अल्कोहोल वापरायचे, ते लवकर उडून जायचं, म्हणून पाणी गारच ठेवावं लागायचं, त्या काळात १६० फॅरनहाइटवाले सर्रास असायचे. ग्लायकॉल आलं आणि ती गरज संपली. बोटींमध्ये थेट समुद्राचं पाणी इंजिनात फिरवतात तिथे अजूनही कमी तापमानाचे लागतात कारण जास्त तापलं की आत मिठाचा थर बसतो. आणि तिसरं म्हणजे पेट्रोल इंजिनाचे पिकअप ज्यांचं ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग बदललेलं असतं, पॉवर वाढवलेली असते, तिथे नॉकिंगपासून (पेट्रोल अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांपासून) थोडी सुटका मिळते म्हणून ८२ वगैरे टाकतात मूळच्या ९५ च्या जागी, पण सोबत पंख्याची सेटिंगही ट्यूनमध्ये खाली आणतात, नुसता थर्मोस्टॅट बदलून गप्प बसत नाहीत. तुमचं डिझेल आहे. डिझेलला नॉकिंगचा तो प्रश्न नाहीच, डिझेलला उलट उष्णता हवी असते जळायला.

मी स्वतः हा उद्योग केलेला आहे म्हणून एवढं सांगतोय. काम शिकून नुकताच हाताशी आलो होतो, एक ट्रक असाच तापायचा, आणि मी मोठ्या हुशारीने ७१ चा बसवला. गाडीवाला खूश, मी खूश. थंडीचे दिवस लागले, गाडी रिकामी जास्त फिरायची, दोनेक महिन्यांनी ऑइल बदलायला आली आणि उस्तादांनी ऑइल भरायचं झाकण उघडून माझ्या नाकासमोर धरलं. आतून दुधाच्या कॉफीवर साय यावी तसा पिवळट चिकट थर. मला वाटलं हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलं, पाणी तेलात उतरलं. ते म्हणाले गॅस्केट नाही गेलं, तुझी अक्कल गेली. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते, थोडी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली तेलाच्या चेंबरमध्ये येतेच येते, तेल पुरेसं तापलं तर ती ब्रीदरमधून, म्हणजे वाफ सोडायच्या नळीतून, निघून जाते, इंजिन गारच राहिलं तर तिथेच थिजते आणि तेलात मिसळून असा लगदा होतो. डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल होतं ते वेगळंच, ते लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, खातं. सिलिंडरची झीज गार इंजिनात जास्त होते हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. गाडीचा ॲव्हरेजही पडला होता पण गाडीवाल्याने ते डिझेलच्या क्वालिटीवर ढकललं होतं, आणि मीही गप्प बसलो.

ते जुनं, मेकॅनिकल पंपवालं इंजिन होतं. आजच्या गाडीत तर अजून कटकटी. ईसीयू कूलंटचा सेन्सर बघून ठरवतो की इंजिन गरम झालं की नाही, आणि त्यावर इंजेक्शनचं टायमिंग, ईजीआर (जळलेला थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा), पंखा सगळं चालतं. काही मिनिटं चालूनही पाणी अपेक्षित तापमानाला पोचलं नाही की पी०१२८ कोड मारतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. तुमच्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर आणखी वाईट, कारण कूलंट ठरावीक तापमानाच्या वर असल्याशिवाय बऱ्याच गाड्या रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, सुरूच करत नाहीत. मग काजळी साठत जाते, फिल्टर चोंदतो, गाडी पॉवर सोडते, आणि तुम्ही डीपीएफला शिव्या देत बसता. मूळ कारण तुम्हीच टाकलेला थर्मोस्टॅट. थंडीत केबिनचा हीटर कोमट हवा मारेल ती वेगळी.

एक सूट देतो. तुमच्या इंजिनाच्या पार्ट कॅटलॉगमध्ये कंपनीनेच दोन रेटिंग दिलेली असतील, तर त्यातलं कमीवालं टाकायला माझी हरकत नाही. ते त्यांनी तपासलेलं असतं. पण कॅटलॉगमध्ये नाही तर नाही.

त्याहून वाईट सल्ला म्हणजे थर्मोस्टॅट काढूनच टाक. हा सल्ला तुम्हाला नक्की मिळणार, नसेल मिळाला तर मिळेल. कितीतरी इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी एक चकती असते. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधून परत पंपाकडे फिरतं, आणि थर्मोस्टॅट उघडला की ही खालची चकती पुढे सरकून बायपासचं भोक बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधूनच गेलं पाहिजे. तुम्ही थर्मोस्टॅट काढून फेकलात तर बायपास कायमचा उघडा. बरंचसं गरम पाणी रेडिएटर न बघताच परत इंजिनात. सपाटीवर गाडी गार, आणि चढावर आधीपेक्षा जास्त तापते. मग लोक म्हणतात की पाणी फार जोरात फिरतंय, रेडिएटरमध्ये थांबतच नाही म्हणून गार होत नाही. तसं नसतं हो. पाणी जोरात फिरलं तर उष्णता जास्तच निघते, कमी नाही. चोर बायपास असतो, नाव पाण्याच्या स्पीडचं होतं.

बरं, मग तापतेय कशाने? खरं काम इथे आहे.

सगळ्यात आधी ती खरंच किती तापते ते आकड्यात बघा. डॅशबोर्डचा काटा खोटारडा असतो, बऱ्याच नवीन गाड्यांत ८० ते १०० च्या मधे काहीही असलं तरी काटा मधोमधच दाखवतात, ड्रायव्हर घाबरू नये म्हणून. स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावा आणि चढावर कुणाला तरी शेजारी बसवून आकडे लिहून घ्या. स्कॅनर नसेल तर इन्फ्रारेड गन. पण गनची एक खोड आहे, थर्मोस्टॅटच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर मारली तर ती वीस-तीस डिग्री कमी सुद्धा दाखवते, चमकणारा धातू तिला फसवतो. हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दाबून, आणि त्या टेपवर गन मारा. नाहीतर रबरी होजवर मारा. मी असे दोन जण बघितलेत ज्यांनी गनचा ७५ आकडा बघून सेन्सर बदलला, मग गेज बदललं, आणि इंजिन तिकडे खरंच १०८ ला होतं.

मग कधी तापते ते बघायचं. उभ्या गाडीत, आयडलवर तापते आणि पळायला लागली की गार होते, तर हवेचा प्रॉब्लेम, पंखा बघा. जोरात पळताना तापते तर पाण्याचा फ्लो किंवा रेडिएटर आतून चोंदलेला. फक्त लोडवर चढाला तापते, तुमच्यासारखी, तर यातलं काहीही असू शकतं, कारण चढावर इंजिन पूर्ण उष्णता टाकतं (चाकाला जेवढी ताकद जाते त्याच्या निम्म्याच्या आसपास पाण्यात) आणि गाडीचा स्पीड कमी म्हणून समोरून हवा येत नाही, सगळा भार पंख्यावर. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर पाचच मिनिटांत वरचा होज (इंजिनातून रेडिएटरला जाणारी रबरी नळी) दगडासारखा कडक झाला तर मात्र रेडिएटर सोडा आणि हेड गॅस्केटचा विचार करा.

तुमच्या लक्षणांवरून मला विचाराल तर मी पहिला हात रेडिएटर आणि त्याच्या पुढच्या इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) मधल्या फटीत घालीन. एक गाडी आली होती, रेडिएटर बाहेरून बघितला तर जाळी स्वच्छ, धुतलेली. गाडीवाला म्हणे दर महिन्याला पाणी मारतो. इंटरकूलरचे बोल्ट काढून तो पुढे कलवला आणि मधे बघितलं तर धूळ, भुसा, किडे आणि ऑइलची वाफ यांचा नमदा जमलेला, गोधडीसारखा, बोटाने धरून सोलून काढला मी, अख्खा एका तुकड्यात खालचा अर्धा भाग निघाला. पुढून पाणी मारून मारून त्यानेच सगळं तिथे ढकललं होतं. धुवायचं ते इंजिनाच्या बाजूने बाहेर, आणि प्रेशर वॉशर जवळून मारायचा नाही, पात्या वाकतात आणि मग हवा कायमची बंद. त्या गाडीत थर्मोस्टॅट दोनदा बदलून झाला होता आधी, दोन्ही चांगले होते.

दुसरं पंखा. व्हिस्कस क्लचवाला (तापल्यावरच पंख्याला घट्ट धरणारा) असेल तर इंजिन चांगलं गरम असताना बंद करा आणि पंखा हाताने फिरवून बघा (चावी काढून खिशात ठेवा, चेष्टा नाही). गरम असताना फिरायला जड लागला पाहिजे. मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला. क्लचच्या मधून तेलकट धूळ बाहेर आलेली दिसली तरी गेला. हवेवर किंवा ईसीयूवर चालणारा पंखा असेल तर तो लागल्याचा आवाज केबिनमध्ये येतोच, विमान उडाल्यासारखा, चढावर तो आवाज आला की नाही ते आठवा. आणि पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर, श्राउड, ते आहे का? कुणीतरी कधीतरी बेल्ट बदलताना काढलं आणि परत लावलंच नाही असं फार होतं. ते नसेल तर पंखा स्वतःभोवतीचीच हवा ढवळत बसतो.

कॅप बदलून टाका, तिच्यावर वेळ घालवू नका. रबर कडक झालं असेल, सील बसत नसेल तर प्रेशर धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. खालचा होज (रेडिएटरमधून पंपाकडे येणारा) बघा, पंपाच्या ओढीने तो आत चेपतो जुना झाला की, इंजिनाला रेस द्या आणि कुणाला तरी बघायला सांगा. बेल्ट सरकत नाही ना. वॉटर पंप आतून बघायला लागेल तर शेवटी, पण इम्पेलरच्या (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या) पात्या झिजून सुपारीएवढ्या राहिलेल्या मी बघितल्यात, आणि एकदा इम्पेलर शाफ्टवर मोकळाच फिरत होता, शाफ्ट फिरतोय, इम्पेलर आपला वाटेल तेव्हा.

रेडिएटर आतून चोंदलाय का हे गनने कळतं. गरम गाडीत रेडिएटरच्या जाळीवर आडवी-उभी गन फिरवा, वरून खाली किंवा एका बाजूने दुसरीकडे तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद. आत फक्त नळाचं पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल तर हे होणारच, क्षार बसतात. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच करायचं.

पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही? मग हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलर. कॅप उघडी ठेवून गार इंजिन चालू करा आणि बुडबुडे येत राहतात का बघा. निळ्या रंगाच्या द्रवाची टेस्ट किट येते, कूलंटवरची हवा त्यातून ओढायची, जळलेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं, डिझेलला त्याच्यासाठीचं वेगळं द्रव मागा.

आणि हो, चाकाचे ब्रेक चिकटत असतील तरी गाडी चढाला तापते, इंजिन बिचारं ब्रेकशी भांडत चढतं. थांबल्यावर हबजवळ हात न लावता नुसता न्या, एक चाक भट्टीसारखं लागेल.

आता थर्मोस्टॅट. त्याचा दोष असू शकतो बरं का, मी नाही म्हणत नाही. पण दोष रेटिंगचा नसतो, तो अर्धवट उघडत असतो. मेणाची डबी लीक झाली, पिन गंजली, की ८२ ला सुरू होतो पण पूर्ण उघडतच नाही. सपाटीवर तेवढं पाणी पुरतं, चढावर पुरत नाही, तुमची तक्रार तंतोतंत. म्हणून काढून तपासा, आणि खराब निघाला तर त्याच रेटिंगचा नवीन टाका. (पूर्वी मेणाऐवजी घडीच्या धातूची डबी असायची, आत लवकर उडणारं द्रव, ती फुटली तर थर्मोस्टॅट उघडा राहायचा, गाडी गार राहायची पण वाचायची. मेणवाला कसाही बिघडतो, बंदही राहू शकतो.)

तपासायचं असं. वॉल्वच्या फटीत एक बारीक दोरा अडकवा, म्हणजे वॉल्व बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने जरा उघडून दोरा घालून सोडून द्या, वॉल्व दोरा चावून धरतो. आता दोऱ्याने थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी थर्मामीटर, तोही तळाला न लावता. हळू आच. ज्या आकड्याला थर्मोस्टॅट दोऱ्यातून सुटून टुपकन खाली पडेल तो त्याचा उघडायचा आकडा. ८२ च्या आगेमागे दोन डिग्री ठीक. मग पाणी उकळू द्या, पाच मिनिटं तसंच, आणि चिमट्याने बाहेर काढून लगेच वॉल्व किती उचललाय ते मोजा. साधारण ८ ते १० मिलिमीटर पाहिजे, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. ४ मिलिमीटर निघाला तर सापडला तुमचा चोर. नवीन आणलेला पण बसवायच्या आधी असाच तपासा, नवीन म्हणजे चांगला असं काही नसतं. आणि काही मोठ्या इंजिनांत दोन थर्मोस्टॅट असतात, तिथे एक बदलून दुसरा तसाच ठेवू नका.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. अर्धवट गरम असताना कॅप फिरवणाऱ्यांचे हात मी बघितलेत, जास्त सांगत नाही. सगळं कूलंट काढायची गरज नाही, हाउसिंगच्या लेव्हलच्या खाली येईल एवढं काढलं की पुरे, स्वच्छ भांड्यात धरा. ग्लायकॉल जमिनीवर सांडू देऊ नका, गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. हाउसिंगचे बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, जोर लावून तोडलात तर तासाचं काम दिवसाचं होतं. जुना थर्मोस्टॅट कुठल्या बाजूने, कसा बसलाय याचा काढण्याआधी फोटो काढा. मेणाची डबी नेहमी इंजिनाकडे. वर एक छोटं भोक किंवा हलणारी टिचभर पिन असते, जिगल पिन, ती वरच्या बाजूला, घड्याळात बारा वाजतात तिथे, हवा तिथूनच निघते. आडवी बसवलीत तर हवा अडकते आणि नवीन थर्मोस्टॅट टाकून गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

जुनं गॅस्केट खरवडताना भोकात कापड कोंबा म्हणजे कचरा आत जाणार नाही, आणि नंतर ते कापड काढायचं विसरू नका, हसू नका, झालेलं आहे. थर्मोस्टॅट खाचेत नीट बसलाय हे बोटाने चाचपून बघा. तो खाचेतून जरा जरी सरकला आणि तुम्ही बोल्ट आवळलेत तर हाउसिंगचा कान कट्कन तुटतो. सिलिकॉन लावायचं सांगितलं असेल तरच, आणि पातळ, कारण आत पिळून निघालेले सिलिकॉनचे तुकडे फिरत फिरत रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतात. बोल्ट आळीपाळीने, मॅन्युअलच्या टॉर्कने.

कूलंट भरताना रंग बघून भरू नका, हिरवं म्हणजे एक आणि लाल म्हणजे दुसरं असं काही पक्कं नसतं, डब्यावरचं स्पेसिफिकेशन बघा. ओल्या लायनरच्या (ज्याच्या बाहेरून थेट पाणी फिरतं) डिझेलला लायनर सच्छिद्र होऊ नये म्हणून वेगळं ॲडिटिव्ह लागतं, ते कमी पडलं तर लायनरला बाहेरून सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. हीटर फुल गरमवर, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर उघडा, शक्य असेल तर गाडीचं नाक जरा चढावर, आणि हळूहळू भरा. चालू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, वरचा होज अचानक गरम होतो तेव्हा कळतं. हीटरमधून सारखी गरम हवा आली म्हणजे आत हवा राहिली नाही.

हे सगळं होईपर्यंत माल घेऊन चढाला जावंच लागलं तर एक गिअर खालचा ठेवा, इंजिन फिरतं राहिलं तर पंप आणि पंखा दोन्ही फिरतात, वरच्या गिअरमध्ये रडतखडत ओढत नेऊ नका. काटा चढायला लागला की हीटर फुल सोडा, घाम येईल पण तो छोटा रेडिएटरच आहे. थांबलात तर लगेच बंद करू नका, पाणी उकळून बाहेर येत नसेल तर दोनतीन मिनिटं जरा जास्त आयडलवर चालू द्या, टर्बो आणि हेडमधली उष्णता निघून जाऊ दे.

नवीन थर्मोस्टॅट टाकल्यावर पहिली रात्र गेली की सकाळी गार इंजिनावर कॅप उघडून लेव्हल बघा. कुठेतरी राहिलेली हवा रात्रीत निघून गेलेली असते, लेव्हल खाली गेलेली दिसेल, तेवढं भरून टाका, आणि पुढचे दोनतीन दिवस सकाळी हेच करा. चौथ्या दिवशीही पाणी कमीच होत असेल तर वर सांगितलेली ती निळी टेस्ट करून घ्या.